'वा रे, कंट्रोल!' म्हणणारे आपणच

नमस्कार मंडळी. आमच्या फोंड्याकडे जत्रेच्या नाटकाच्या तालमी लागल्या की रात्री देवळाच्या मंडपात सोळा ते पंचवीसची पोरं जमतात, संवाद पाठ होवोत न होवोत, गप्पा मात्र जोरात. परवा एकाने गर्लफ्रेंडला व्हिडिओ कॉल लावला, कुठे आहेस, बाजूला कोण, फोन फिरवून खोली दाखव म्हणे, तिने बिचारीने दाखवली, आणि इकडे बाकीचे हसले, 'वा रे, कंट्रोल!' झालं, मिळाली शाबासकी. मला त्या कॉलपेक्षा तो हशा जास्त खटकला.

हाच कंट्रोल पुढे घरात मारहाणीपर्यंत गेला की आपण सगळं खापर दारूवर फोडतो. दारूने भर पडते हो, पण तोच माणूस पिऊन साहेबावर हात उचलतो का? घरीच उचलतो, कारण घरात हे खपतं हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं असतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 44 टक्के पुरुषांना काही ना काही कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य वाटलं, बायकांमध्ये 45 टक्के! आता बोला.

आणि 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात नुसती मारहाण नाही, घालूनपाडून बोलणं, खर्चाला पैसे न देणं हेही येतं, आणि फक्त बायकोच नाही तर आई-बहीणसुद्धा. म्हणजे मीठ कमी पडलं म्हणून आईसमोर ताट भिरकावणारा आपला लाडका बाबूही त्यात बसू शकतो.

मुंबईत 'परिवर्तन' नावाचा उपक्रम झाला होता, त्यात क्रिकेटचे कोचच पोरांशी बायका-मुलींशी कसं वागावं या विषयावर बोलायचे, सरावाच्या वेळातच, थोडं थोडं. आपल्याकडे फुटबॉलचे कोच आहेत, नाटकाचे दिग्दर्शक आहेत, बापाचं न ऐकणारी पोरं यांचं ऐकतात. फक्त असा कॉल लावणाऱ्याला चारचौघांत झापू नका, तो इरेला पेटेल, नंतर बाजूला घ्या आणि विचारा, तिने तुला असा फोन फिरवायला लावला तर चालेल काय रे? आणि हसणाऱ्यांना मात्र तिथल्या तिथे गप्प करा.

ज्या घरातून आधीच मारझोडीचा आवाज येतोय तिथे उपदेश करत बसू नका, 181 ही महिला हेल्पलाइन आहे, जिवावर बेतलं असेल तर सरळ 112 लावा. शेजाऱ्यानेही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे याच 2005 च्या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याला, कळवलं तरी चालतं, चांगल्या हेतूने कळवणाऱ्याच्या अंगाशी काही येत नाही, कायद्याच्या कलम 4 मध्येच तसं लिहिलंय.