ढोम्याच्या कानातला पावसाळा

[मालिम जेटी, पहाट. ट्रॉलरवरून क्रेट उतरताहेत.]

ऑगस्ट उजाडला की गोव्यात मांडवीच्या पलीकडे मालिमच्या जेटीवर पुन्हा क्रेट आपटू लागतात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंदीमुळे ट्रॉलर नांगरून असतात. आणि समुद्रात सगळ्यात मोठी उलथापालथ होते ती नेमकी याच दिवसांत. वर पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा पातळ थर पसरतो, आणि खालून खोल समुद्रातलं थंड पाणी किनाऱ्याकडे सरकत येतं. मे महिन्यात ३० अंशांच्या आसपास असलेल्या पाण्याखाली जुलै-ऑगस्टमध्ये २२-२३ अंशांचं पाणी असू शकतं, तेही वरच्या थरापासून फार खोल नाही.

बंदीच्या काळात ट्रॉलरच्या जाळ्यात मासा येत नाही, म्हणून त्या दिवसांचा नमुनाही येत नाही. तरी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पकडलेल्या माशाच्या डोक्यात जून-जुलैची नोंद शिल्लक असते. ती असते कानातल्या खड्यात, आणि तिच्यावरून त्या दिवसांतल्या पाण्याचं तापमान काढणं हे आपलं काम.

[क्रेटमधला ढोमा, जवळून.]

हा ढोमा. गोव्यात याला दोडयारो म्हणतात. चिखलाळ तळाजवळ, किनाऱ्यालगत राहणारा, आणि पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू आपटून आवाज काढणारा. आपल्या कामाचा तो दोन कारणांनी: वर चढून येणारं थंड पाणी त्याच्यापर्यंत आधी पोचतं, आणि या कुळातल्या माशांच्या कानातले खडे मोठे, जाड असतात. बांगड्याचा खडा कणीसारखा नाजूक, चिमट्यात धरताना तुटणारा. मोरीला (लहान शार्कला) असा सलग खडा नसतोच, तिच्या कानात नुसते बारीक कण असतात. माशाच्या कानात खड्यांच्या तीन जोड्या असतात, आणि शिंगाळ्याच्या कानातला सगळ्यात मोठा खडा वेगळ्याच जोडीतला असतो. मासा निवडण्यात चूक झाली की पुढचं सगळं काम वाया जातं.

[डोक्याचा छेद. मेंदूमागे दोन पांढरे खडे.]

बोलताना या खड्याला कानाचं हाड म्हणतात, पण हे हाड नाही. शरीराला गरज पडली की हाडातलं कॅल्शियम परत घेतलं जातं. कर्णाश्म, म्हणजे हा कानातला खडा, मात्र कॅल्शियम कार्बोनेटचा. त्याच्या ॲरगोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटचं एक रूप) स्फटिकांमध्ये प्रथिनांचं बारीक जाळं असतं. रोज एक पापुद्रा चढतो आणि चढलेला पापुद्रा मासा पुन्हा विरघळवत नाही. हे दैनिक थर जॉर्जिओ पॅनेला यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले.

आता तापमान त्यात येतं कसं? ऑक्सिजनचे दोन समस्थानिक, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे अणू, लक्षात ठेवा: हलका १६, जड १८. पाणी थंड असेल तर स्फटिकात जड ऑक्सिजन थोडा जास्त बसतो, गरम असेल तर थोडा कमी. यामागचं गणित हॅरल्ड युरी यांनी १९४७ मध्ये मांडलं. फरक फार लहान: एका अंशामागे दर हजारी ०.२ च्या आसपास. पुढचे आकडे ठरलेल्या मानकापेक्षा जड ऑक्सिजन दर हजारी किती जास्त (अधिक) किंवा कमी (उणे), ते सांगतात. समुद्राच्या पाण्याचं मूल्य अधिक ०.५ धरलं, तर एका प्रचलित समीकरणानुसार २८ अंशांत बनलेला थर उणे १.८ च्या जवळ येतो आणि २३ अंशांतला उणे ०.८ च्या जवळ. पाच अंशांना हजारी एक. चांगलं यंत्र ०.१ पर्यंतचा फरक ओळखतं, म्हणजे साधारण अर्धा अंश.

मासा हा ऑक्सिजन घेतो मुख्यतः भोवतालच्या पाण्यातूनच, म्हणून ही नोंद विश्वासाची. खड्यात थोड्या प्रमाणात शिरणाऱ्या स्ट्रॉन्शियम या धातूचं तसं नाही. तो कल्ल्यांतून रक्तात, रक्तातून कानातल्या द्रवात, तिथून स्फटिकात जातो, आणि प्रत्येक पायरीवर माशाचं शरीर त्यात ढवळाढवळ करतं. स्ट्रॉन्शियम-कॅल्शियम गुणोत्तर तापमानाबरोबर काही जातींत वाढतं, काहींत घटतं, आणि क्षारता बदलली तरी हलतं. नुसत्या स्ट्रॉन्शियमवरून तापमान सांगणं आम्हाला पटत नाही.

[प्रयोगशाळा. प्लॅस्टिकचा चिमटा, छोट्या कुप्या.]

खडा काढताना सुरी डोळ्याच्या थोडी वरून मागे न्यायची, झाकण उघडल्यासारखी. मेंदूच्या खाली आणि मागे दोन बाजूंना दोन पिशव्या, त्यात खडे. धातूंचं प्रमाण मोजायचं असेल तर आम्लाने धुतलेला प्लॅस्टिकचा किंवा सिरॅमिकचा चिमटा घ्या, स्टीलचा नको. भोवतीचं पातळ कातडं लगेच सोलायचं. वाळलं की चिकटून बसतं. मग अतिशुद्ध पाण्यात पाच मिनिटं अल्ट्रासॉनिक बाथ, धूळ न बसणाऱ्या जागी वाळवणं, आणि कोरड्या कुपीत ठेवणं. फॉर्मॅलिनमध्ये अजिबात नको. ते आम्लधर्मी होत जातं आणि खड्याचा काठ खातं. आपल्याला हवे असलेले जून-जुलैचे थर काठालाच आहेत.

भिंगाखाली खडा काचेसारखा पारदर्शक दिसला तर बाजूला काढा. तो ॲरगोनाइटऐवजी व्हॅटेराइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचंच दुसरं रूप, असतो. त्यात स्ट्रॉन्शियम कमी, मॅग्नेशियम जास्त बसतं, आणि तो नमुना बाकीच्यांशी ताडता येत नाही. बहुधा दुसऱ्या कानातला खडा चांगला असतो.

[रेझिनमधला खडा. हिऱ्याची करवत.]

खडा इपॉक्सी रेझिनमध्ये बसवून हिऱ्याच्या संथ करवतीने अर्ध्या मिलिमीटरचा काप घेतात. काप गाभ्यातूनच जायला हवा. चुकला तर सुरुवातीचे महिने मिळत नाहीत. मग ३०, ९ आणि ३ मायक्रॉनच्या कागदावर घासणं. थर दिसू लागले की सूक्ष्म ड्रिलने काठाच्या रेषेला समांतर चर घ्यायची. भुकटी लागते ५० ते १०० मायक्रोग्रॅम, साखरेच्या एका दाण्याहूनही पुष्कळ कमी. घाई केली, ड्रिल जोरात फिरवलं, तर घर्षणाच्या उष्णतेने ॲरगोनाइटचा कॅल्साइट (तिसरं रूप) होऊ शकतो आणि आकडा सरकतो. एका चरीत काही आठवडे एकत्र येतात, हेही ध्यानात असू द्या. त्याहून बारीक हवं असेल तर आयन प्रोब, म्हणजे आयनांच्या झोताने थेट खड्यावर मोजणारं यंत्र, ज्याचा ठिपका १०-२० मायक्रॉनचा.

भुकटीवर फॉस्फोरिक आम्ल, ७० अंशांच्या आसपास. निघालेला कार्बन डायऑक्साइड मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे हलके-जड अणू वेगळे मोजणाऱ्या यंत्रात, जातो आणि पडद्यावर एक संख्या येते.

तिथे दोन सापळे आहेत. पहिला, त्या संख्येवरून तापमान काढायच्या समीकरणाचा. १९९३ चं एक समीकरण आणि १९९७ चं, ढोम्याच्याच कुळातल्या अटलांटिक माशावरून काढलेलं दुसरं. दोन्हींचा उतार एकच, १८.५६, पण स्थिरांक एकात ३३.४९ आणि दुसऱ्यात ३२.५४. तीच संख्या दोन्हींत घातली तर उत्तरात साडेचार अंशांहून जास्त फरक पडतो. म्हणून एका खड्यावरून नेमकं तापमान जाहीर करू नये. त्याच खड्यात मेचा थर आणि जुलैचा थर यांच्यात किती अंशांचा फरक, हे मात्र ठामपणे सांगता येतं, कारण उतार बदलत नाही.

[मांडवीचं मुख, जुलै. लाल पाणी.]

दुसरा सापळा गोव्याचा खास. पावसाच्या पाण्यात जड ऑक्सिजन कमी असतो. ढोमा जर मांडवी किंवा जुवारीच्या मुखात शिरला आणि तिथलं पाणी समुद्रापेक्षा हजारी एकने हलकं असेल, तर थर हलका होतो आणि हिशेबात पाणी पाच अंशांनी गरम दिसतं. प्रत्यक्षात मासा पावसाच्या गार पाण्यात असतो! थंड खोल पाणी संख्या वर ढकलतं, गोडं पाणी खाली ओढतं; दोन्ही एकदम झाली तर थर जणू काही घडलंच नाही असा दिसू शकतो.

म्हणून त्याच थरांवर लेझरने बेरियम (आणखी एक धातू) आणि स्ट्रॉन्शियम मोजायचं. बेरियम वाढलं आणि स्ट्रॉन्शियम उतरलं तर मासा नदीच्या पाण्यात होता. नुसतं बेरियम वाढलं तर घाई नको. खालून वर येणाऱ्या पाण्यातही बेरियम जास्त असतं.

आणि पाणीही जमवावं लागतं, मासेमारी बंद असतानाच. भरतीला आणि ओहोटीला, वरचं आणि तळाचं. काचेची बाटली काठोकाठ भरायची, बुडबुडा राहता कामा नये, झाकण घट्ट. बाटलीत हवा राहिली, पाणी उडालं, तर हलका ऑक्सिजन आधी जातो आणि उरलेलं पाणी जड होतं. क्षारता तिथल्या तिथे मोजून बाटलीवर तारीख आणि खोलीसकट लिहायची. ऑगस्टमध्ये जेटीवर ढोमा येईल, तेव्हा त्याच्या काठाचा थर वाचायला हीच बाटली लागेल.