आधी कांदा, मग आकृती

नमस्कार, श्रोतेहो. आठवी-नववीत जीवशास्त्राची खरी सुरुवात होते ती पेशीपासून. आणि बहुतेक घरांत ती होते पाठांतराने. वनस्पतीपेशीला पेशीभित्तिका असते, हरितलवके म्हणजे अन्न तयार करणारे हिरवे कण असतात, प्राणीपेशीला नसतात; फरक लिहा, गुण मिळवा. माझं सांगणं एवढंच, की आधी पेशी पाहावी, मग पाठ करावी. पुन्हा सांगते, आधी पाहावी.

1665 साली रॉबर्ट हूकने बुचाचा पातळ काप पाहिला, तेव्हा त्याला नुसते रिकामे कप्पे दिसले. आपल्याला बूच नको, कांदा पुरे.

मी नाशिक जिल्ह्यात, लासलगावच्या बाजूला शिकवत होते. वर्गातल्या निम्म्या मुलींच्या घरी कांदा साठवायची चाळ. तरी कांदा आतून कसा असतो, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. मांसल पाकळी मोडली, आतल्या बाजूचा पापुद्रा चिमट्याने ओढला, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरला, वर आयोडीनचा एक थेंब. झाकणकाच सुईवर टेकवून हळूहळू सोडायची, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात आणि मुलं काळ्या कडेचा गोल बुडबुडाच पेशी म्हणून वहीत काढतात.

मुली रांगेने येत होत्या, एक डोळा मिटून बघत होत्या. लांबट, एकमेकींना चिकटलेल्या पेशी, प्रत्येकीत पिवळसर तपकिरी केंद्रक. एक मुलगी मात्र सूक्ष्मदर्शीवरून हटेना. मागच्या मुली ओरडायला लागल्या. शेवटी ती म्हणाली, "मॅडम, यात हिरवं काहीच नाही. पुस्तकात तर हरितलवकं आहेत."

वर्ग हसला. मी म्हटलं, "हसू नका, ती बरोबर बोलतेय. अगं, तुझ्या रानात कांद्याला पात आहे ना? उद्या घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी ती पातीची अख्खी जुडी घेऊन आली. पातीचा बाहेरचा पातळ पापुद्रा काढला, काचपट्टी तयार केली, आणि पहिली पाळी तिला दिली. बराच वेळ गप्प. मग एकदम, "मॅडम, इथंही बाकीच्या पेशी बिनरंगीच! पण मधे मधे दोन-दोन पेशी जोडीनं आहेत, त्यांच्यात हिरवे दाणे आहेत. आणि दोघींच्या मधे फट आहे!"

ती पर्णरंध्रं, श्रोतेहो, पानावरची बारीक छिद्रं. राजम्याच्या दाण्यासारख्या त्या दोन रक्षक पेशी. पुढच्या धड्यात मी शिकवणार होते, ते तिने आधीच शोधलं होतं. मग सगळ्या वर्गाला कळलं, की कांद्याची पाकळी म्हणजे पानाचाच फुगलेला तळ. तिथे अन्न साठतं, तयार होत नाही, म्हणून हरितलवकं नाहीत. अन्न तयार होतं पातीच्या आतल्या हिरव्या थरात.

आणि एक शाळांना सांगायचंय: सूक्ष्मदर्शी कपाटात कुलूपबंद ठेवू नका. वापरून बिघडला तर दुरुस्त होतो. कपाटात बुरशी लागलेली भिंगं कुणाच्याच कामाची नाहीत.

पालकहो, आता बटाटाही आणा. त्याच्या कापावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका, काळानिळा डाग पडेल, कारण तिथे स्टार्च आहे. कांद्यावर तसा रंग येत नाही, कारण कांदा अन्न साखरेच्या रूपात साठवतो. दोन्ही काप शेजारी ठेवा. कारण लगेच सांगू नका, मुलांना आधी विचारू द्या. आकृती त्यानंतर, टोकदार पेन्सिलीने.

नमस्कार.