वेदीपाशी ठेवलेलं अर्पण

बंधुभगिनींनो, आज आपण मत्तयाच्या शुभवर्तमानातली दोनच वचनं घेणार आहोत. पाचवा अध्याय, वचनं २३ आणि २४. एक माणूस अर्पण घेऊन वेदीपाशी आला आहे. तिथं त्याला आठवतं, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे. प्रभू सांगतो, अर्पण तिथंच ठेव. आधी जा, भावाशी समेट कर, आणि मग येऊन अर्पण कर.

हे ऐकणारे लोक गालीलातले होते आणि वेदी होती यरुशलेमात. दुसरीकडे कुठं अर्पण चालत नव्हतं. गालीलातल्या गावाहून यरुशलेम सव्वाशे-दीडशे किलोमीटर, म्हणजे पायी चार दिवसांची चाल. कोकरू किंवा पारव्यांची जोडी घेऊन एवढं चालून आलेला माणूस दारातून परत फिरतो, चार दिवस चालून गावी जातो, भावाशी बोलतो आणि पुन्हा चार दिवस चालून येतो. समोरच्यांना हा हिशेब सांगावा लागला नसेल. त्यांनी तो मनात लगेच केला असणार. समेट अर्पणाच्या आधी येतो, मग त्यासाठी आठवडा मोडला तरी मोडू दे, हे प्रभू त्यांना त्यांच्याच पायांच्या मापानं सांगत होता.

आणखी एक बारकावा आहे. ‘तुझ्या मनात भावाविषयी राग असेल तर’ असं इथं म्हटलेलं नाही. भावाच्या मनात तुझ्याविषयी काही असेल तर, असं म्हटलं आहे. म्हणजे ज्याच्या हातून चूक घडली त्यानं जायचं. आता अठरावा अध्याय, वचन १५ पाहा. तिथं ‘भावानं तुझा अपराध केला तर तू जा’ असं आहे. म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला त्यानंही जायचं. दोन्ही बाजूंना ‘जा’ हाच शब्द. ‘त्यानं यावं, मी का जाऊ?’ या वाक्याला प्रभूनं जागाच ठेवलेली नाही. ज्याला आधी आठवलं, त्यानं उठायचं.

येशूच्या मागं चालणं म्हणजे काय, असं कुणी विचारलं की आपण प्रार्थना, उपास, उपासना, दशमांश यांच्याकडं बोट दाखवतो. ते सगळं हवंच. पण सोमवारी सकाळी हे चालणं बहुतेक वेळा कुणाच्या तरी दारापर्यंतचं असतं. म्हणून तिथं कसं जायचं, हे नीट पाहू.

जाण्याआधी कागद घ्या आणि काय घडलं ते दोन-तीन ओळींत लिहा. ‘माझं वागणं बरोबर नव्हतं’ एवढ्यावर भागत नाही. ‘तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडून चार हजार रुपये घेतले आणि नंतर तुम्हाला टाळत राहिलो’ असं लिहा. लिहिताना ‘जर’, ‘पण’, ‘कारण’ हे तीन शब्द आले तर खोडा. ‘माझं काही चुकलं असेल तर माफ करा’ ही आपल्याकडची सर्रास माफी. तिच्यात चूक कबूल होत नाही. चूक होती की नव्हती, हे ठरवायचं काम समोरच्याच्या गळ्यात पडतं. ‘पण’ आला की समोरच्याची चूक पुढं येते आणि ‘कारण’ आलं की माफीचं वकीलपत्र होतं. ते तीन शब्द काढल्यावर जे उरतं तेवढंच बोलायचं. मिनिटभरही लागत नाही. मग गप्प बसायचं. समोरचा रागावेल, जुनं काढेल. ते ऐकून घेणं हा माफीचाच भाग आहे. जायचं स्वतः. मोबाइलवर हात जोडल्याचं चित्र धाडून हे काम होत नाही. दूरगावी असाल तर फोन करा, पण बोला.

मग भरपाई. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकात ६:५ मध्ये नियम स्पष्ट आहे: लुबाडलेलं मुद्दल परत, वर पाचवा हिस्सा. चार हजारांवर आठशे, म्हणजे ४,८०० रुपये. यरीहोतला जकातदार जक्कय याच्याही पुढं गेला. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट. चौपट हे माप निर्गम २२:१ मधलं, मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्यासाठीचं. म्हणजे जक्कयानं स्वतःला चोराच्या रांगेत उभं केलं आणि तसा दंड भरला. ‘आज या घराला तारण झालं आहे’ हे प्रभू त्यानंतर बोलला. पैशाबद्दल माफी मागायची आणि पैसे खिशात ठेवायचे, ही जोडी जक्कयाच्या या गोष्टीत (लूक १९) बसत नाही.

खेड्यात हे सगळ्यात उघड दिसतं ते बांधावर. नांगरताना नांगराची एक ओळ पलीकडं जाते आणि बांध कोरला जातो. शंभर मीटर लांबीच्या बांधावर दर वर्षी वीतभर, म्हणजे सुमारे २२ सेंटिमीटर धरले, तर दहा वर्षांत २२० चौरस मीटर, दोन गुंठ्यांहून जास्त जमीन इकडची तिकडं होते. एका वर्षात कुणाच्या डोळ्यावर येत नाही. म्हणून हे पाप शांतपणे करता येतं, आणि जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकात १९:१४ मध्ये शेजाऱ्याच्या शेताची खूण सरकवू नको, असं वेगळं सांगावं लागलं. इथं ‘दादा, माफ करा’ म्हणून हात जोडले तरी बांध तिथंच राहतो. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज आपण करायचा, शुल्क आपण भरायचं. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. त्याआधीच शेजाऱ्याच्या घरी जाऊन सांगायचं, की हा अर्ज भांडायला नाही, तुमचं तुम्हाला परत द्यायला केला आहे. नाही तर नोटीस हातात पडताच तो वकील गाठेल आणि त्यात त्याची चूक नसेल. मोजणीदारानं दाखवलेल्या खुणांवर दोघांनी मिळून दगड रोवायचे आणि माती ओढून बांध पुन्हा घालायचा. तेवढ्या पट्ट्यात आपण किती पिकं घेतली, तो हिशेबही त्याच बैठकीत काढायचा.

आता दुसरी बाजू, आपल्यावर अन्याय झाला असेल तर. मत्तय १८ मधल्या पायऱ्या आपल्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, सगळ्यांना पाठ आहेत, तरी त्या उलट्या चढल्या जातात. पहिली पायरी एकांताची: तू आणि तो, दोघंच. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घे. त्यावरही नाही तर मंडळीला सांग. प्रत्यक्षात काय होतं? गोष्ट प्रार्थनासभेत निघते. ‘अमक्यांच्या घरासाठी प्रार्थना करा, त्यांच्याकडं असं असं चाललं आहे’, आणि प्रार्थनेच्या नावाखाली त्या घराची अब्रू वीस माणसांत जाते. ज्याच्याबद्दल बोलणं झालं त्याला ते तिसऱ्याकडून कळतं आणि मग तो पहिल्या पायरीवर उभा राहायला येतच नाही. क्रम असा का आहे, याचं उत्तर इथं आहे. एकांतात माणसाला चूक कबूल करताना चेहरा सांभाळावा लागत नाही.

बरोबर न्यायचे ते एक-दोघं आपल्या बाजूचे नकोत. त्यांनी दोघांचंही ऐकावं म्हणून ते हवेत. साक्षीदारांचा हा नियम अनुवाद १९:१५ मधून आला आहे, आणि साक्षीदार तुमच्याविरुद्धही साक्ष देऊ शकतो. शेवटी, मंडळीचंही ऐकलं नाही तर तो तुला परराष्ट्रीय किंवा जकातदारासारखा होवो, असं वचन आहे. याचा अर्थ ‘तोडून टाका’ एवढाच घेणाऱ्यांनी हे लिहिणारा मत्तय स्वतः जकातनाक्यावरून उठवलेला होता आणि प्रभू त्याच्या घरी जेवायला बसला होता, हे विसरू नये.

याच अध्यायात क्षमेचा दाखला आहे, त्याचे आकडे जरूर मांडून पाहा. एका चाकराचं धन्याला देणं १०,००० टॅलंट. एक टॅलंट म्हणजे ६,००० दीनार आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एक रोज. एकूण सहा कोटी रोज. वर्षाला ३०० दिवस काम धरलं तर दोन लाख वर्षं. ‘मला वेळ द्या, सगळं फेडतो’ असं तो म्हणतो, तेव्हा तो काय बोलतो आहे ते कळतं. त्याच्या सोबतीचं देणं १०० दीनार. रोज ५०० रुपये मजुरी धरा: एकीकडं ३,००० कोटी, दुसरीकडं ५०,००० रुपये. प्रवचनात बरेचदा हे दुसरं देणं ‘क्षुल्लक’ म्हणून सांगतात. क्षुल्लक नाही ते. मजुराच्या घरातून पन्नास हजार गेले तर ते घर हलतं. प्रभूनं ती रक्कम मोठीच ठेवली आहे, आणि दुखावलेल्या माणसाशी बोलताना आपणही त्याचं दुःख लहान करू नये. ‘त्यात काय एवढं, सोडून द्या’ म्हणणाऱ्यानं हा दाखला वाचलेला नाही.

इथं एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी, कारण या वचनांचा सर्वांत वाईट वापर इथं होतो. मार खाणाऱ्या बाईला ‘सत्तर वेळा सात क्षमा कर’ असं ऐकवून त्याच घरात परत पाठवणं म्हणजे प्रभूची शिकवण नव्हे. ‘तू आणि तो एकांतात’ ही पायरी मारणाऱ्या हातासमोर एकटं उभं राहण्यासाठी नाही. तिला आधी सुरक्षित जागी न्या. महिलांसाठी १८१ हा क्रमांक आहे, कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांत कळवणं बंधनकारक आहे. ते मंडळीच्या कमिटीनं ‘आपसात मिटवायचं’ प्रकरण नाही. मुलांसाठी १०९८ आहे. मत्तय १८ मध्ये या पायऱ्यांच्या आधी काय येतं? लहानांपैकी एकाला अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणं त्याच्या हिताचं, हे सहावं वचन. क्षमेच्या अध्यायात लहानांचं रक्षण आधी येतं.

आता सांगण्याविषयी. बांध जागेवर आला, पैसे परत गेले, की शेजारी विचारतोच: ‘इतक्या वर्षांनी हे काय सुचलं?’ सुवार्ता सांगण्याची वेळ ती. पेत्राच्या पहिल्या पत्रात ३:१५ मध्ये आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्यायला तयार राहा, पण सौम्यतेनं आणि आदरानं, असं आहे. उत्तर दोन मिनिटांचं असावं आणि घरच्या मराठीत असावं. ‘प्रभूनं माझ्यावर ओझं घातलं’ हे मंडळीत कळतं, बाहेर कळत नाही. ‘येशूनं सांगितलंय, देवाच्या दारात येण्याआधी भावाकडं जा, म्हणून आलो’ एवढं सगळ्यांना कळतं.

आपल्या भाषेत सांगण्याचा वारसा आपल्याकडं मोठा आहे. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं, तेही ओवीत, कारण लोकांच्या कानाला ओवीची सवय होती. ना. वा. टिळकांनी अभंग रचले, कीर्तनं केली. पंडिता रमाबाई १९२२ साली वारल्या, त्याआधी केडगावला त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर केलं, साध्या बायकांना कळेल अशा भाषेत. एवढ्या विदुषीला भारदस्त संस्कृतप्रचुर मराठी जड नव्हती. ती त्यांनी जाणूनबुजून बाजूला ठेवली.

दाखला सांगायचा तर तीन-चार मिनिटांत सांगा आणि जिथं प्रभू थांबला तिथं थांबा. चांगल्या शमरोन्याची गोष्ट ‘तूही जाऊन तसंच कर’ इथं संपते. तिला पुढं पंधरा मिनिटांचा अर्थ जोडला की ऐकणाऱ्याला स्वतःचं काही शोधायला उरत नाही.

काही ठिकाणी मात्र आपणहून बोलायचं नाही. आपल्या हाताखाली काम करणाऱ्याशी नाही, कारण त्याला ‘नको’ म्हणता येत नाही. खाटेवर पडलेल्या रुग्णानं विचारल्याखेरीज त्याच्याशी नाही. दुसऱ्याच्या मुलांशी आईवडिलांच्या परवानगीशिवाय नाही. धान्याची पिशवी किंवा शाळेची फी देताना तर मुळीच नाही. मदतीला अट चिकटली की ती मदत राहत नाही. राज्यघटनेच्या कलम २५ नं आपला धर्म आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, तोच शेजाऱ्यालाही आहे. त्याच्या देवाविषयी वाईट बोलून येशूविषयी चांगलं सांगता येत नाही.

शेवटी पाळकांना आणि पंच मंडळींना एक विनंती. प्रभुभोजनाची सूचना त्याच सकाळी देऊ नका, आदल्या रविवारी द्या, आणि ही दोन वचनं त्या दिवशी वाचा. म्हणजे लोकांच्या हातात सहा दिवस राहतात. गावी जाऊन यायचं असेल तर तेही जमतं. काहींना समोरचा माणूस दारातही उभा करणार नाही. त्यांच्यासाठी रोमकरांस १२:१८ आहे: तुमच्याकडून होईल तितकं करा. आणि ज्याचं देणं आहे तो वारला असेल तर? त्याचाही विचार शास्त्रात झालेला आहे. गणना ५:८ पाहा. देणं वारसाला द्यायचं, आणि वारस कुणीच नसेल तर ते परमेश्वराचं म्हणून याजकाकडं द्यायचं. मंडळीच्या पेटीत अशी रक्कम आली तर ती इमारतीच्या खर्चात मिसळू नका. वेगळी नोंद करा आणि गावातल्या सर्वांत अडलेल्या घराकडं पाठवा.