बाबांचा अंगठा आणि सहाच्या खालचा आकडा

(बाबांचा पाय, उशीवर ठेवलेला. जुना फोटो.)

हा फोटो रात्री अडीचचा आहे. चादर बाजूला केलेली दिसतेय ना, ती बाबांनीच केली, कारण चादर नुसती अंगठ्याला टेकली तरी ते ओरडत होते. झोपताना काही म्हणजे काहीच नव्हतं आणि आता सांधा लालभडक, चकचकीत, हात जवळ नेला तरी धग लागेल असा. एसटीत तीस वर्षं कंडक्टर होते, कशेडीचे न् भोस्त्याचे घाट उभ्याने चढले, आणि तो माणूस त्या रात्री बाथरूमपर्यंत जायला भिंत धरून रडकुंडीला आला होता.

आम्हाला वाटलं काहीतरी चावलं. आईने आंबेहळद उगाळून लावली. सकाळी दवाखान्यात नेलं, तिथे युरिक ॲसिड तपासलं ते ६.४ आलं, म्हणाले नॉर्मल आहे, लागलं असेल कुठेतरी, आणि अँटिबायोटिक दिलं. दहा दिवसांत दुखणं गेलं, आम्ही म्हटलं चला, गोळी लागू पडली. आता कळतंय की हा गाउट होता, म्हणजे सांध्यात युरिक ॲसिडचे खडे धरून होणारा संधिवात, आणि गाउटचा अटॅक बहुतेक वेळा आठवड्या-दोन आठवड्यांत आपला आपणच उतरतो, त्या काळात तुम्ही जे काही घेतलेलं असतं त्याला श्रेय मिळून जातं. आणि दुसरं, जे मला प्रत्येक घरात ओरडून सांगावंसं वाटतं: ऐन अटॅकमध्ये रक्तातलं युरिक ॲसिड खाली आलेलं असू शकतं. त्या दिवशीचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गाउट नाही असं म्हणता येत नाही, दुखणं थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांनी परत तपासायचं असतं. आम्ही परत तपासलं थेट तिसऱ्या अटॅकनंतर, मध्ये दीड वर्ष गेलं, आणि आकडा होता ९.१.

आता हे युरिक ॲसिड येतं कुठून? आपल्या पेशी रोज मरतात, नव्या होतात, त्यातून प्युरिन नावाचं द्रव्य सुटतं, थोडं खाण्यातूनही येतं, आणि ते मोडलं की युरिक ॲसिड बनतं. साधारण दोन तृतीयांश किडनी बाहेर काढते, बाकीचं आतड्यातून जातं. बहुतेक गाउटवाल्यांमध्ये किडनीच ते पुरेसं बाहेर टाकत नाही, ते बऱ्याचदा घराण्यातून आलेलं असतं, त्यात त्या माणसाची काही चूक नसते. रक्तात ६.८ च्या वर गेलं की ते नीट विरघळून राहत नाही. साखरांबा जास्त दिवस राहिला की बरणीत खडे धरतात, तसंच. आणि पाक गार झाला की खडे लवकर धरतात हे आईला वेगळं सांगावं लागलं नाही. पायाचा अंगठा हा शरीराचा गार भाग, म्हणून खूप जणांची सुरुवात तिथूनच होते.

(सूक्ष्मदर्शकाखालचे स्फटिक.)

हे बघा, या सुया. ल्युवेनहुक या डच सूक्ष्मदर्शकवाल्याने १६७९ मध्ये गाउटच्या गाठीतला खडूसारखा पदार्थ आपल्या भिंगाखाली धरला होता आणि त्याला असेच टोकदार कण दिसले, ते युरिक ॲसिडचे आहेत हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. सांध्यातलं पाणी सुईने काढून त्यात हे स्फटिक बघणं ही आजही सगळ्यात पक्की तपासणी आहे. पांढऱ्या पेशी या सुया गिळायला जातात आणि आग लागते, तो अटॅक. आग विझते तेव्हा सुया मात्र तिथेच असतात. बाबा दोन अटॅकच्या मधले सात-आठ महिने स्वतःला बरे समजून फिरत होते आणि आत खडे साठतच होते, कोपरावर एक गाठ आली तेव्हा आमचे डोळे उघडले.

आमच्या घरात सगळ्यात जास्त हाल झाले ते खाण्यावरून. कुणीतरी सांगितलं डाळ बंद, कुणी पालक बंद म्हणालं, मग टोमॅटो, मग दही, आई बिचारी रोज काय शिजवायचं म्हणून रडायची, आणि पुढचा अटॅक आला की तिलाच वाटायचं परवा आमटी केली म्हणून झालं. अमेरिकेत ४७ हजारांवर पुरुषांकडे १२ वर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००४ मध्ये आला, त्यात मटण-मासळी जास्त खाणाऱ्यांना गाउट जास्त झाला, पण प्युरिनवाल्या भाज्या-डाळींमुळे धोका वाढलेला दिसला नाही आणि कमी साईचं दूध-दही खाणाऱ्यांत तर गाउट कमी होता. म्हणजे आई नेमकं चांगलं तेच बंद करून बसली होती! कलेजी-भेजा, तारली, बांगडा, कोळंबी, सुकट हे जपून, बिअर तर नकोच, आणि गोड कोल्ड्रिंकसुद्धा, कारण त्यातल्या फ्रुक्टोजने युरिक ॲसिड वाढतं. पण कितीही पथ्य केलं तरी आकडा साधारण एकाने उतरतो, नवाचा आठ होतो, आणि आठ म्हणजे खडे धरणारच.

बाबांची बीपीची गोळी लघवी वाढवणारी होती, तिनेही युरिक ॲसिड वाढतं. हे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाताच्या डॉक्टर) मॅडमनी पहिल्या भेटीत विचारलं आणि गोळी बदलून लोसार्टन दिली. स्वतःच्या मनाने मात्र बीपीची गोळी बंद करायची नाही हां.

औषधं दोन जातीची असतात हे नीट समजून घ्या. आग विझवणारी वेगळी: कोल्चिसिन, सूज उतरवणाऱ्या पेनकिलर, स्टेरॉइड. किडनी कमजोर असेल तर पेनकिलर घातक, आणि कोल्चिसिन जास्त झालं तर विषारी, म्हणून मेडिकलमधून परस्पर आणायचं नाही. आणि खडे विरघळवणारी वेगळी, त्यातली जुनी म्हणजे ॲलोप्युरिनॉल. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज या औषध-संशोधकांच्या कामातून १९६० च्या दशकात ती आली, पुढे १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ही थोड्या डोसपासून सुरू करून आकडा ६ च्या खाली येईपर्यंत हळूहळू वाढवतात आणि मग चालूच ठेवतात.

बाबांनी पहिल्यांदा ती घेतली आणि तिसऱ्याच आठवड्यात अटॅक आला. ‘ही गोळी मला चालत नाही’ म्हणून पाकीट कचऱ्यात. आधीच्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितलंच नव्हतं की खडे विरघळायला लागले की सुरुवातीला अटॅक येऊ शकतो, म्हणूनच पहिले तीन ते सहा महिने सोबत थोडं कोल्चिसिन देतात, आणि अटॅक आला तरी ॲलोप्युरिनॉल थांबवायची नसते. अपवाद एकच, अंगावर पुरळ आलं तर त्याच क्षणी बंद आणि तडक डॉक्टरकडे, त्यात उद्या-परवा करायचं नाही.

(आत्ताचं दृश्य. मासळी बाजार, सकाळ.)

मॅडमकडे दुसऱ्यांदा सुरू केली त्याला आता अडीच वर्षं झाली. मागच्या महिन्यातला आकडा ५.४. कोपरावरची गाठ हाताला लागते न लागते इतकीच उरलीय. महिन्यातून दोनदा बाबा स्वतः बाजारात चालत जातात, बांगड्याच्या टोपलीपाशी जरा रेंगाळतात आणि दोनच घेतात, मावशी म्हणतात ‘काका, एवढ्याने काय होतंय’, आणि ते पैसे देत देत तिला स्वतःचा अंगठा दाखवून सगळी स्टोरी सांगायला लागतात, मागे गिऱ्हाइकं खोळंबलेली असतात तरी.