मोठ्या महादेवाच्याही पलीकडे

(दृश्य: महाशिवरात्रीच्या आधीचे दिवस. मोर्शीकडून सालबर्डीला जाणारा रस्ता.)

कापसाची वेचणी उरकली की अमरावती-वरुडकडच्या गावांना महादेवाचे वेध लागतात. जवळचा महादेव सालबर्डीचा, मोठा महादेव पचमढीचा. खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढणाऱ्यांत आपल्याकडची माणसं किती, ते पायऱ्यांवर कानी पडणाऱ्या बोलीवरूनच कळतं. वाटेत राज्याची हद्द लागते, पण तिच्याकडे कोणी बघतही नाही. १९५६ पर्यंत अमरावती आणि पचमढी एकाच राज्यात होती. बसचं तिकीट, शिदोरी आणि सोबतीला गावातली चार माणसं असली की यात्रा होते.

कैलास-मानसरोवराचं तसं नाही. ते तिबेटात, चीनच्या हद्दीत. तिथे जमिनीवरून जाता येतं, पण मनात आलं आणि निघालो, असं होत नाही.

(दृश्य: डोंगरातला रस्ता, दूरवर बर्फ.)

१९६२ च्या युद्धानंतर बंद असलेली ही वाट १९८१ मध्ये सरकारी यात्रा म्हणून उघडली, उत्तराखंडातल्या लिपुलेख खिंडीतून. २०१५ मध्ये सिक्कीमच्या नाथू ला खिंडीतून दुसरी वाट मिळाली. २०२० मध्ये करोनाने दोन्ही थांबवल्या, त्या २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. त्या वर्षी जागा होत्या ७५० आणि अर्ज आले साडेपाच हजारांवर. निवड परराष्ट्र मंत्रालयाच्या संगणकीय सोडतीने होते.

खर्चाचा सरकारी अंदाज २०२५ साठी असा होता: लिपुलेखमार्गे माणशी सुमारे १ लाख ७४ हजार, नाथू लामार्गे सुमारे २ लाख ८३ हजार रुपये.

(दृश्य: कापसाची गंजी, वजनकाट्यावर चढणारी गाडी.)

हाच आकडा कापसात मोजू. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. म्हणजे लिपुलेखची वाट एका माणसाला साडेएकवीस क्विंटलांना पडते. कोरडवाहूत एकरी पाच क्विंटल धरले, तर चार एकरांहून जास्त वावराचा सगळा माल. त्यातून बियाणं, खत, फवारणी आणि वेचाईची मजुरी अजून वजा केलेली नाही. नवराबायको दोघं जाणार असतील तर दुप्पट.

आणि पैशापेक्षा अवघड आहे वेळ. अर्ज निघतात उन्हाळ्यात, यात्रा चालते जून ते ऑगस्ट. म्हणजे पैसे भरायची घाई आणि बियाण्याच्या दुकानातली गर्दी एकाच वेळी. मृग लागला की पेरणी, मग डवरणी, मग निंदण. तीन आठवडे घर सोडायचं ते नेमकं तेव्हाच. पारावर बसलेले एक आजोबा म्हणतात, "पैसे तं कसेबी जमवू बाप्पा, पण मिरगात वावर सोडून जाचं कसं?" या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच माहितीपत्रकात नाही. ज्या घरात पेरणी सांभाळणारा मुलगा, सून किंवा भाऊ आहे, त्याच घरातून यात्रेकरू निघू शकतो.

(दृश्य: टेबलावर पसरलेली कागदपत्रं.)

म्हणून सुरुवात पैशापासून करू नका, पासपोर्टपासून करा. यात्रेच्या वर्षी १ सप्टेंबरला त्याची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक हवी. साध्या नव्या पासपोर्टची फी १,५०० रुपये, साठीच्या पुढे दहा टक्के सूट. खरी अडचण नावाची. आधारवर नामदेवराव, शाळेच्या दाखल्यावर नामदेव, मतदार ओळखपत्रावर आडनावाची वेलांटी वेगळी. हे दुरुस्त करण्यातच महिने जातात, तेव्हा ते काम दिवाळीनंतर लगेच हाती घ्यावं. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असा शेरा येऊ शकतो. त्याला घाबरू नका. तो काही ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी असतो, यात्रेला त्याची आडकाठी नाही.

वय १८ ते ७० आणि उंचीच्या मानाने वजन बेतात, म्हणजे बीएमआय २५ किंवा त्याहून कमी. वाटेत डोल्मा ला ही खिंड ५,६०० मीटरच्या वर आहे. तपासणी आधी दिल्लीत आणि लिपुलेखच्या वाटेवर पुन्हा गुंजीला होते. तिथे नापास झालं तर परत फिरावं लागतं, आणि जागा पक्की करायला भरलेली रक्कम मिळत नाही. एका कागदावर आणखी एक सही लागते: मृत्यू चीनच्या हद्दीत आला तर अंत्यसंस्कार तिथेच करायला संमती. ही सही करण्याआधी तो कागद घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

सोडतीत नाव आलं नाही की गावात खाजगी यात्रा कंपनीचं पत्रक येतं: नेपाळमार्गे कैलास. नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, म्हणून लोकांना वाटतं पुढचंही सोपं. तसं नाही. काठमांडूहून तिबेटात जायला चीनचा गट-व्हिसा लागतो. त्या एका कागदावर सगळ्या गटाची नावं असतात. सगळ्यांनी सोबत आत जायचं, सोबतच बाहेर यायचं. एकाची तब्येत बिघडली तर त्याच्यासाठी वेगळी कागदपत्रं आणि वेगळा खर्च. शिवाय तिबेटचा परवाना निराळा. सीमा कधी बंद होईल तेही आपल्या हाती नाही. जुलै २०२५ मध्ये रसुवागढीचा नेपाळ-चीन पूल भोटेकोशीच्या पुरात वाहून गेला.

त्यामुळे आगाऊ पैसे देण्याआधी तीन गोष्टी लिहून घ्या: व्हिसा नाकारला तर किती परत, सीमा बंद झाली तर किती परत, आणि आजारी माणसाला खाली आणण्याचा खर्च कोणाचा. तोंडी "होऊन जाईल, काका" याला काही किंमत नाही. पक्की पावती मागा. परदेशी सहलीच्या रकमेवर टीसीएस हा आगाऊ कर वसूल केला जातो. तो विवरणपत्र भरून परत मिळू शकतो, पण पॅन बरोबर लागला असेल तरच. या पैशासाठी वावर गहाण टाकू नका.

आणि पासपोर्ट होत नसेल, वय बसत नसेल किंवा खिशाला झेपत नसेल, तर उत्तराखंडाकडचे आदि कैलास आणि ओम पर्वत आहेत. दोन्हींचं दर्शन भारताच्या हद्दीतूनच होतं. उंची तिथेही मोठी आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारूनच निघावं. धारचुलाला इनर लाइन परवाना, म्हणजे सीमाभागात जायचा परवाना, काढावा लागतो. व्हिसा लागत नाही, डॉलर लागत नाहीत, आणि पावसाळा ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, बोंड फुटून वेचणीला जोर येण्याआधी जाऊन येता येतं.