खुडूक बसणारी कोंबडी कोणती?

(विट्यात बचत गटाच्या महिलांसमोर केलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

आल्या आल्या एका वहिनींनी विचारलं, "गिरिराज आणल्या, अंडी चांगली देतात, पण एक बी खुडूक बसंना. आजार हाय का काय?"

आजार नाही. कोंबडी खुडूक बसली, म्हणजे अंडी उबवायला बसली, की अंडी द्यायची थांबते. एकवीस दिवस उबवण्यात जातात, पुढे दीड-दोन महिने पिलांमागं. म्हणून अंड्यांसाठी जात घडवताना बसणाऱ्या कोंबड्या पिढ्यानपिढ्या बाजूला काढल्या गेल्या. व्हाइट लेगहॉर्न तर बसणं जवळपास विसरलीच. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज, हैदराबादची वनराज, यांच्याकडूनही ती आशा ठेवू नका. कडकनाथ मूळची झाबुआकडची आणि देशी, पण बसण्यात कच्ची. तिच्या नावावर आपल्या सांगली जिल्ह्यात लोकांची कशी फसवणूक झाली ते तुम्हाला मी सांगायला नको.

असील मात्र बसते, आणि बसली की हटत नाही. घार आली तर अंगावर जाईल. पण वजनदार बाई ती. पातळ कवचाचं अंडं पायाखाली फुटतं. शिवाय दुसरीची पिलं जवळ आली तर टोचून मारते. माझ्याकडं एका सकाळी तीन पिलं अशी गेली. तिला वेगळं खुराडं असेल तरच ठेवा.

माझं मत विचाराल तर आपली गावठीच. बारा-पंधरा अंडी घालते आणि बसते. पण गावठी म्हणजे सगळ्या सारख्या नसतात. बाजारातून तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली तरणी कोंबडी, घेऊ नका, ती बसेल की नाही कुणाला ठाऊक? शेजारणीकडची एक-दोन वेळा पिलं काढलेली कोंबडी मागा, दोन पैसे जास्त द्या. घरी आणल्यावर खोट्या अंड्यांवर दोन रात्री बसवून बघा. हात घातला की पिसं फुगवून खुडखुड करत जागीच राहिली, तर तिसऱ्या रात्री अंधारात खरी अंडी सरकवा.

किती? इथं मी स्वतः चुकले आहे. डिसेंबरच्या थंडीत लहान चणीच्या कोंबडीखाली सोळा ठेवली. वाटलं, कडेची चार वाया गेली तर जातील. निघाली पाच पिलं! कारण कोंबडी अंडी फिरवत राहते. आज आतलं ते उद्या कडेला. चार नाही, सगळीच आळीपाळीनं गारठली. तेव्हापासून दहा, थंडीत आठ. पाटीत खाली राख, वर उसाचं कोरडं पाचट. आभाळात वीज कडाडली की अंडी नासतात या भीतीनं कोळसा आणि लोखंडाचा तुकडा आमच्या सासूबाई ठेवायच्या, मीही ठेवते. त्यानं बिघडत काही नाही.

मग गिरिराज फुकट का? नाही. घरात कोंबडा असेल तर तिची अंडी गावठीखाली घाला. दहा कोंबड्यांत बसणाऱ्या दोन पुरे.

नको असताना बसली, तर नाकात पीस खुपसू नका, पाण्यात बुडवू नका. अंधारी, उबदार जागाच तिला बसवून ठेवते. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात ठेवा, पिंजरा खालून वारा लागेल असा टांगा, दाणापाणी द्या. तीन-चार दिवसांत उठते.