ढालही मुंबईची, चषकही मुंबईचा

नमस्कार, श्रोतेहो.

आज बोलणार आहे फुटबॉलबद्दल. इंडियन सुपर लीग या भारतातल्या क्लब फुटबॉल स्पर्धेच्या 2020-21 च्या हंगामाबद्दल. त्या हंगामात मुंबई सिटीनं ढालही जिंकली आणि चषकही जिंकला. एकाच हंगामात दोन्ही. तोवर कुठल्याच संघाला हे जमलं नव्हतं.

ढाल वेगळी, चषक वेगळा, हे आधी पक्कं लक्षात घ्या. अकरा संघ, प्रत्येक जण दुसऱ्याशी दोनदा खेळणार, म्हणजे वीस सामने. त्यानंतर गुणतालिकेत जो पहिला, त्याला ढाल. तेव्हा पहिले चार संघ मग उपांत्य फेरीत जायचे आणि अंतिम सामना जिंकेल त्याला चषक. मला विचाराल तर ढाल मोठी. चार महिने चांगलं खेळत राहणं हे एका रात्री चांगलं खेळण्यापेक्षा अवघड. पण आपल्याकडे मिरवणूक निघते ती चषकाची.

कोरोनामुळे सगळे सामने गोव्यात झाले, तीन मैदानांवर, रिकाम्या स्टेडियममध्ये. मुंबईचं घरचं मैदान त्या वर्षी बांबोळीला! पहिलाच सामना आपण नॉर्थईस्ट युनायटेड संघाकडून 1-0 असा हरलो, वर आपल्या अहमद जाहूला लाल कार्ड. तिथून हा संघ उठला. 28 फेब्रुवारीला साखळीतला शेवटचा सामना कोलकात्याच्या एटीके मोहन बागानशी होता. ते 40 गुणांवर, आपण 37 वर. जिंकलो तरच ढाल. सातव्या मिनिटाला मुर्तदा फॉलचा गोल, मध्यंतराआधी ओगबेचेचा. 2-0. दोघांचे गुण सारखे झाले, पण जानेवारीतही आपण त्यांना हरवलं होतं, म्हणून ढाल मुंबईची.

आता उपांत्य फेरी, आणि आमच्या शेजारच्या काकांची गोष्ट.

काका मूळचे फोंड्याचे. तरुणपणी मुंबईत आले, गोदीत नोकरी केली, माहीमला स्थायिक झाले. मतदान मुंबईत, मुलंबाळं मुंबईत, पण फुटबॉल म्हटलं की गोवा. आणि उपांत्य फेरीत समोर होता एफसी गोवाच! पहिला सामना 2-2 सुटलेला. 8 मार्चला परतीचा. काका मास्क लावून आमच्याकडे आले, दाराजवळची खुर्ची धरली आणि सामना सुरू व्हायच्या आधीच बोटं मोडायला लागले. सर्जिओ लोबेरा, मुंबईचा प्रशिक्षक, आधी गोव्याचा. फॉल गोव्याकडून आलेला. जाहू गोव्याकडून. बूमूस गोव्याकडून. मंदार राव देसाई तर गोव्याचाच. “आमचींच भुरगीं ही,” काका कोकणीत म्हणाले, “आणि आमकांच मारतलीं.” म्हणजे, आमचीच पोरं आणि आम्हालाच मारणार.

नव्वद मिनिटं झाली, गोल नाही. जादा वेळ सुरू झाला, तरी गोल नाही. घरात कोणी चहालासुद्धा उठेना. आणि 119 व्या मिनिटाला, श्रोतेहो, 119 व्या मिनिटाला, मैदानाच्या कडेला बदलीचा फलक वर गेला. बाहेर कोण येतंय? अमरिंदर सिंग! मुंबईचा कर्णधार, मुंबईचा पहिल्या पसंतीचा गोलरक्षक. आत कोण जातंय? फुर्बा लाचेनपा. सिक्कीमचा, तेवीस वर्षांचा, जवळजवळ सबंध हंगाम बाकावर बसून काढलेला.

काका खुर्चीतून उठले. “कप्तानाक काढलो? पिसो जालो काय हो?” म्हणजे, वेडा झाला की काय हा?

पेनल्टी सुरू झाल्या. पाच-पाच झाल्या तरी निकाल लागेना. मग एकेक. मी पडद्याकडे बघत होतो, काका जमिनीकडे. ते आवाजावरूनच ओळखत होते, गेला की वाचला. शेवटी मुंबईला एक गोल हवा होता आणि चेंडू ठेवायला आला रॉलिन बोर्जिस. हाही गोव्याचा! त्यानं गोल केला. 6-5. मुंबई अंतिम फेरीत.

काका काही वेळ गप्प उभे राहिले. मग म्हणाले, “तोय गोंयचोच मरे!” आणि टाळ्या वाजवल्या. मनापासून. अंतिम सामन्याला ते मुंबईच्या बाजूनं बसले.

पेनल्टीला लोक लॉटरी म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. 119 व्या मिनिटाला कर्णधाराला बाहेर बोलावण्याचा निर्णय नशिबावर सोडलेला नसतो, त्याच्यामागे सराव असतो, आणि बाकावरच्या मुलावर विश्वास असतो. आपल्या शाळांमध्ये बाकावरच्या मुलाला पाण्याच्या बाटल्या उचलायला लावतात. त्याच्याकडूनही तेवढाच सराव करून घ्यायला हवा. आणि पावसाळ्यात मैदानांवर कुलपं कशाला? चिखलात फुटबॉल खेळूनच तर या शहरातली पोरं शिकली.

असो. अंतिम सामना 13 मार्चला, फातोर्ड्याला, पुन्हा मोहन बागानशी. आधी ते पुढे, मग त्यांच्याच तिरीकडून चेंडू स्वतःच्या जाळ्यात गेला आणि बरोबरी. पहिल्या अर्धात आपल्या मुंबईचा अमेय रानवडे डोक्याला मार लागून पडला, मैदानात रुग्णवाहिका आली. खेळ बराच वेळ थांबला होता. तो नंतर बरा झाला, पुन्हा खेळला, हे त्या गोलाइतकंच महत्त्वाचं. आणि तो गोल नव्वदाव्या मिनिटाचा. मोहन बागानचा गोलरक्षक पुढे आला, ओगबेचेनं चेंडू मिळवून दिला, बिपिन सिंगनं रिकाम्या जाळ्यात मारला. 2-1. ढाल आधीच होती, आता चषकही.

त्या ढालीमुळे मुंबईला आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये जागा मिळाली. एप्रिल 2022 मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला आपण 2-1 हरवलं. त्या स्पर्धेत सामना जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. विजयी गोल राहुल भेकेचा, तोही मुंबईचाच. आणि बाकावरचा तो लाचेनपा? 4 मे 2024 ला कोलकात्यात मोहन बागानला 3-1 हरवून मुंबईनं पुन्हा चषक जिंकला, तेव्हा गोलपोस्टमध्ये तोच उभा होता.

अंधेरीच्या क्रीडासंकुलात सामना असेल तेव्हा मुलांना घेऊन जा. मेट्रोनं आझादनगरला उतरलात की स्टेडियम लगेच आहे. नमस्कार.